जीएम पिकाची चाचणी आणि खान्देशातील शेत : परवान्याच्या कागदापासून पऱ्हाटी उपटेपर्यंत काय तपासावे

मार्च २००२ मध्ये केंद्राच्या जीईएसी या, जनुकीय पिकांना परवानगी देणाऱ्या, समितीने बीटी कपाशीच्या, म्हणजे अळीला मारणारे जिवाणूचे जनुक बसवलेल्या कपाशीच्या, तीन संकरित वाणांना व्यापारी लागवडीची परवानगी दिली. अळीत बीटीला प्रतिकार वाढू नये म्हणून त्या परवानगीत एक अट होती. बीटी कपाशीच्या भोवती बिगरबीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी बिगरबीटी कपाशी लावायची होती. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची वेगळी पुडी मिळत असे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीनही जिल्ह्यांत त्या पुडीचे काय झाले, हे कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला विचारावे. बहुतेक ठिकाणी ती नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरायला वापरली गेली, किंवा बांधावर पडून राहिली. तिचा उपयोग काय हे दुकानदाराने सांगितले नाही आणि सांगण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केली नाही. पुढे २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने, म्हणजे आपल्याकडच्या शेंदरी बोंडअळीने, राज्यभर कपाशीची वाताहत केली, तेव्हा बीटी तंत्रज्ञान फसले असे सगळीकडे बोलले गेले. तंत्रज्ञानाच्या मर्यादा होत्याच, पण ज्या अटीवर त्याची सुरक्षितता उभी होती ती अट शेतापर्यंत पोहोचलीच नव्हती, हा त्या अपयशाचा मोठा भाग आहे.

जनुकीय तंत्रज्ञानाने तयार केलेल्या पिकाची चाचणी गावाच्या शिवारात येणार असेल, शेजारच्या शेतात असे पीक असेल, किंवा आपल्याच शेतात बीटी कपाशी असेल, तर सुरक्षितता आणि पर्यावरण या दृष्टीने कोणत्या क्रमाने काय तपासावे, हे पुढे मांडले आहे. हा क्रम शेतकरी, ग्रामपंचायत सदस्य आणि कृषी किंवा जीवशास्त्राचे विद्यार्थी या तिघांनाही पाळता येईल असा आहे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक जाड वही, एक फूटपट्टी, काही कामगंध सापळे (पतंगांना गंधाने ओढणारे) आणि हंगामभर टिकणारी चिकाटी एवढे पुरते.

पायरी १ : समोरचे पीक नेमक्या कोणत्या तंत्राने तयार झाले ते ठरवा

या पायरीवर गोंधळ झाला तर पुढची सगळी तपासणी भलत्याच दिशेने जाते. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात टिश्यू कल्चरची केळी सर्रास लावली जाते आणि ती ‘जीएम केळी’ आहे असे सांगणारी माणसे आजही भेटतात. टिश्यू कल्चरमध्ये मातृवृक्षाच्या कंदातील वाढीच्या भागापासून प्रयोगशाळेत हजारो रोपे वाढवली जातात, त्यात परके जनुक घातलेले नसते. ग्रँड नैन हे वाण अशाच रोपांतून खान्देशात पसरले. त्याचा धोका वेगळ्या जातीचा आहे. मातृवृक्ष विषाणूग्रस्त असेल तर तो विषाणू सगळ्या रोपांबरोबर गावोगाव जातो, आणि एकाच वाणाची सलग लागवड असल्यामुळे रोगाला रान मोकळे मिळते. काकडीवरील मोझॅक विषाणूने, ज्याला शेतकरी सीएमव्ही म्हणतात, केळीच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या, हे या भागाने पाहिले आहे. म्हणून टिश्यू कल्चरच्या रोपांबाबत जनुकाची चौकशी करण्याऐवजी त्या प्रयोगशाळेला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणीकरण पद्धतीची मान्यता आहे का आणि त्या खेपेची विषाणू तपासणी झाली आहे का, हे विचारावे.

दुसरा प्रकार जीएम पिकाचा, म्हणजे दुसऱ्या जीवातील जनुक पिकात बसवलेल्या पिकाचा. भारतात व्यापारी लागवडीस परवानगी मिळून शेतात आलेले असे पीक एकच, बीटी कपाशी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे क्राय१एसी हे जनुक २००२ च्या वाणांत होते, आणि २००६ पासून त्याच्या जोडीला क्राय२एबी हे दुसरे जनुक असलेली बोलगार्ड-२ वाणे आली. बीटी वांग्याला जीईएसीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला होता, पण देशात सात ठिकाणी जनसुनावण्या झाल्यानंतर, ज्यांपैकी एक नागपूरला झाली, ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. डीएमएच-११ या जीएम मोहरीच्या पर्यावरणीय मुक्ततेची, म्हणजे ती खुल्या शेतात लावू देण्याची, शिफारस ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परविरोधी निकाल दिले.

तिसरा प्रकार तणनाशक सहनशील कपाशीचा, म्हणजे बाजारात चोरून विकल्या जाणाऱ्या एचटीबीटीचा. हिला लागवडीची परवानगी नाही. मजुरीचा खर्च वाचतो म्हणून ती लावणाऱ्या शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि त्याला गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटणार नाही, परंतु या बियाण्याला बिल नसते, वाणाचे नाव खोटे असते, आणि त्यात बोंडअळीला रोखणारे जनुक आहे की नाही याची कोणतीही हमी नसते. चौथा प्रकार जनुक-संपादित पिकांचा. यात पिकाच्या स्वतःच्याच जनुकात छोटा बदल केला जातो. परके डीएनए अंतिम रोपात शिल्लक नसेल तर अशा ठरावीक प्रकारच्या पिकांना ३० मार्च २०२२ च्या आदेशाने १९८९ च्या नियमांतील काही कलमांतून सूट मिळाली आहे, आणि मे २०२५ मध्ये भाताची अशी दोन वाणे भारतीय कृषी संशोधन परिषदेने जाहीरही केली. अशा पिकाची चाचणी जीईएसीपर्यंत जात नाही. त्यामुळे संबंधित संशोधन संस्थेच्या जैवसुरक्षा समितीने काय तपासले आणि परके डीएनए राहिले नाही याचा पुरावा काय, हे त्या संस्थेलाच विचारावे लागते.

पायरी २ : कागद मागा, आणि कोणता कागद कोणाकडे असतो ते समजून मागा

आपल्याकडील जैवसुरक्षेची चौकट पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ खालील ५ डिसेंबर १९८९ च्या नियमांतून उभी आहे. संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेत संस्थात्मक जैवसुरक्षा समिती असावी लागते. तिच्या वर जैवतंत्रज्ञान विभागाखालील आरसीजीएम ही समिती प्रयोगशाळेतील आणि लहान प्रमाणावरील प्रयोगांवर लक्ष ठेवते, आणि पर्यावरण मंत्रालयाखालील जीईएसी खुल्या शेतातील चाचण्या व पर्यावरणीय मुक्तता यांचा निर्णय घेते. राज्यात समन्वय समिती असते आणि गरज असेल तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते, जिच्यात कृषी, आरोग्य आणि प्रदूषण नियंत्रण या खात्यांचे प्रतिनिधी येतात. कागदावर ही उतरंड नेटकी आहे. प्रत्यक्षात जिल्हास्तरीय समितीची शेवटची बैठक कधी झाली, हा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून पाहावा. उत्तर काहीही आले तरी ते लेखी घ्यावे, कारण चाचणीत काही बिघडले तर सर्वांत आधी शेतावर पोहोचणे या समितीकडूनच अपेक्षित आहे.

चाचणीच्या प्रस्तावाबाबत पुढील गोष्टी मागाव्यात : जीईएसीचे परवानापत्र, त्यातील सर्व अटींसह, राज्य सरकारचे ना-हरकत पत्र, चाचणीच्या जागेचा नकाशा, गट क्रमांकासह, जबाबदार शास्त्रज्ञाचे नाव, आणि आपत्कालीन उपाययोजनेचा कागद. परवानापत्रात चाचणीचा स्तर लिहिलेला असतो. बीआरएल-१ म्हणजे जैवसुरक्षा संशोधनाच्या पहिल्या स्तरावर एका ठिकाणी एक एकरापेक्षा जास्त आणि सर्व ठिकाणे मिळून २० एकरांपेक्षा जास्त क्षेत्र घेता येत नाही, तर बीआरएल-२ मध्ये एका ठिकाणी एक हेक्टरपर्यंत, म्हणजे अडीच एकरांपर्यंत, क्षेत्र घेता येते. गावात दाखवलेले क्षेत्र याहून मोठे असेल तर तेथेच थांबून विचारणा करावी. चाचणीच्या पिकाभोवती किती अंतर मोकळे ठेवायचे, भोवती बिगरजीएम पिकाच्या किती ओळी लावायच्या, काढणीनंतर त्या जमिनीवर किती काळ लक्ष ठेवायचे, या तिन्ही बाबी परवान्यात पिकानुसार दिलेल्या असतात. त्या वहीत आपल्या अक्षरात उतरवून घ्याव्यात, कारण पुढची तपासणी याच आकड्यांवर चालते. संस्था कागद द्यायला तयार नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ नुसार संबंधित खात्याकडे अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असल्यामुळे हा अर्ज पेरणीच्या तोंडावर न करता उन्हाळ्यातच करावा.

पायरी ३ : पेरणीपूर्वीची स्थिती नोंदवून ठेवा

‘पूर्वी मधमाश्या जास्त होत्या’ किंवा ‘पूर्वी मावा एवढा नव्हता’ असे गावात कोणीही सांगतो, आणि ते खरेही असू शकते, परंतु पूर्वी म्हणजे किती याची नोंद नसल्यामुळे कोणत्याही समितीपुढे त्या बोलण्याला वजन राहत नाही. ज्या हंगामात चाचणी होणार आहे त्याच्या आधीच्या हंगामात आणि शक्य असेल तर उन्हाळ्यातही, चाचणीच्या शेताभोवतीच्या चार दिशांना चार ठिकाणे ठरवून तेथील नोंद घ्यावी. त्या ठिकाणी कोणते पीक आहे, कोणते वाण आहे, बियाणे विकतचे की घरचे, बांधावर कोणती झाडे आणि तणे आहेत, आग्या किंवा फुलोऱ्या मधमाश्यांची पोळी कुठे आहेत, गुरे कुठे चरतात आणि पाणी कोणत्या विहिरीतून येते, एवढे लिहिले तरी पुरे.

यासाठी गावात आधीच एक कायदेशीर साधन आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अनेक गावांत ही वही एकदा भरून कपाटात गेलेली आहे. ती बाहेर काढून तिच्यात स्थानिक वाणांची नोंद अद्ययावत करावी.

खान्देशच्या दृष्टीने यात सर्वांत महत्त्वाचे पीक म्हणजे भरताचे वांगे. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याचे बियाणे अजूनही बऱ्याच घरांत पिकलेल्या फळातून काढून, राखेत घोळून ठेवले जाते. वांगे मुळात याच उपखंडातले पीक असल्यामुळे त्याचे रानटी भाऊबंद येथेच आढळतात, आणि बीटी वांग्यावरील चर्चेत हाच मुद्दा सर्वांत गंभीर होता. उद्या वांग्याच्या कोणत्याही जीएम वाणाची चाचणी तापीच्या खोऱ्यात प्रस्तावित झाली, तर ज्या घरांत भरीत वांग्याचे बियाणे राखले जाते त्यांची यादी, त्यांच्या शेतांचे चाचणीपासूनचे अंतर आणि त्या बियाण्याचा थोडा नमुना सीलबंद करून ग्रामपंचायतीत ठेवणे, या तीन गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. नंतर मिसळ झाल्याचा दावा करायचा असेल तर हाच नमुना उपयोगी पडेल.

पायरी ४ : परागकण कुठपर्यंत जातो ते पिकानुसार तपासा

जनुक एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्याचे मुख्य वाहन परागकण असतो, आणि प्रत्येक पिकाचा परागकण निराळा वागतो. कपाशीचा परागकण जड आणि चिकट असतो, तो वाऱ्याने फार दूर जात नाही, त्याला मधमाश्या आणि इतर कीटक वाहून नेतात. कपाशीत मुख्यतः स्वपरागीकरण होते. बीटीची बहुतेक वाणे ज्या अमेरिकन कपाशीची आहेत तिच्यात गुणसूत्रांचे चार संच असतात, तर आपल्या देशी कपाशीत दोनच असतात, त्यामुळे या दोघींचा संकर निसर्गतः टिकत नाही, झालाच तर तो वांझ निघतो. सातपुड्याच्या पायथ्याशी कोणी देशी कपाशी राखली असेल तर तिला बीटी परागकणापासूनचा धोका म्हणूनच फार कमी आहे. तिला खरा धोका आहे तो बाजारात तिचे बियाणेच न मिळण्याचा. याउलट, कोणी सेंद्रिय प्रमाणीकरणासाठी अमेरिकन कपाशीचे बिगरबीटी सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण लावले असेल, तर शेजारच्या बीटी शेतातून मिसळ होणे शक्य आहे. तेथे अंतर, फुलोऱ्याच्या तारखा आणि मधमाश्यांचे प्रमाण तपासणे गरजेचे ठरते.

वांग्याच्या फुलाचे परागकण परागकोशाच्या टोकावरील छिद्रातून बाहेर पडतात आणि ते झटकून काढण्यासाठी भुंग्यासारखी घुमणारी माशी लागते. सकाळी वांग्याच्या फुलाजवळ थांबले तर मोठा काळा भुंगा फुलाला लटकून गुणगुणताना आणि त्याच वेळी पोटावर पिवळी भुकटी पडताना दिसतो. तो दिवसभरात किती शेते फिरतो हे नकाशावर आखलेल्या अंतराला माहीत नसते, म्हणून परवान्यातले अंतर हे किमान समजावे आणि बियाणे राखणाऱ्या घराने आपली बियाण्याची झाडे शक्य तितकी लांब, किंवा बारीक जाळीखाली, वाढवावीत.

पायरी ५ : किडी, मित्रकिडी, माती आणि गुरे

बीटी प्रथिन विशिष्ट अळ्यांच्या आतड्यातील विशिष्ट जागी चिकटून काम करते. रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही. खान्देशात बोंडअळीच्या फवारण्या सुरुवातीच्या वर्षांत घटल्या हे खरे, पण तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि काही वर्षे पिठ्या ढेकूण यांचा उपद्रव त्याच काळात वाढत गेला. त्याला संवेदनशील संकरित वाणे आणि नत्राचा भरमसाट वापरही कारणीभूत होते. त्यामुळे चाचणीत केवळ बोंडअळी मोजली जात असेल तर ती अपुरी आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी लवकर, शेतातून तिरके चालत २० झाडे निवडावीत आणि प्रत्येक झाडाच्या वरच्या, मधल्या व खालच्या अशा तीन पानांच्या खालच्या बाजूला तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि त्यांच्या सोबत त्यांना खाणाऱ्या मित्रकिडी, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरे, क्रायसोपाच्या अळ्या व कोळी मोजावेत. चाचणीचे शेत आणि त्यापासून दूर असलेले तशाच जमिनीतील साधे शेत, दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी मोजणी झाली तरच तुलनेला अर्थ राहतो.

मातीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. बीटी प्रथिन चिकण मातीच्या कणांना चिकटते आणि चिकटलेल्या अवस्थेत ते सुट्या प्रथिनापेक्षा जास्त काळ टिकते. आपली काळी कसदार जमीन चिकण कणांनी भरलेली असल्यामुळे हलक्या मुरमाड जमिनीवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष येथे डोळे झाकून लावणे योग्य नाही. आतापर्यंतच्या बहुतेक अभ्यासांत बीटी कपाशीमुळे गांडुळांना किंवा मातीतल्या जिवाणूंना दीर्घकालीन अपाय आढळलेला नाही, आणि हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तरीही चाचणीच्या अहवालात मातीचा प्रकार लिहिला आहे का हे पाहावे. पावसाळ्यात जमीन ओली असताना एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा काढून त्यातील गांडुळे मोजणे, दरवर्षी त्याच जागी आणि त्याच महिन्यात, ही घरच्या घरी करता येणारी सर्वांत भरवशाची नोंद आहे.

गुरांचा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात नेहमी येतो, कारण सरकीची ढेप आपल्या गोठ्यात रोज जाते. क्राय प्रथिने, म्हणजे हीच बीटी प्रथिने, अळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होतात, आणि जठरातील आम्लात ती लवकर मोडतात. माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात त्यांना चिकटण्याची जागा नसते. व्यापारी परवानगीपूर्वी विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्या करणे सक्तीचे असते. परंतु ही खात्री ज्या बदलाची तपासणी झाली त्याच बदलापुरती असते. एचटीबीटीच्या सरकीबद्दल असा कोणताही तपासलेला अहवाल आपल्या हातात नसतो, आणि तिच्यावर मारलेल्या तणनाशकाचे अवशेष हा त्याहून वेगळा प्रश्न असतो. चाचणीच्या शेतातील पाला किंवा धसकटे गुरांना घालण्यास परवानगी नसते, म्हणून त्या शेताला कुंपण आहे की नाही हे पहिल्या आठवड्यातच पाहावे. खान्देशात काढणी झाली की गुरे मोकळी सोडण्याची पद्धत आहे, आणि चाचणीचा सर्वांत सैल दुवा बहुधा हाच असतो.

पायरी ६ : प्रतिकारशक्तीवर पाळत ठेवा, कारण बीटीची खरी कसोटी येथे लागते

आधी कारण समजून घ्यावे. अळ्यांच्या लाखोंच्या संख्येत एखादी बीटी प्रथिनाला न जुमानणारी असते. भोवती बिगरबीटी कपाशी असेल तर तेथे साध्या अळ्या भरपूर जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी बहुतांशी पुन्हा बीटीला बळी पडते. बिगरबीटी ओळीच नसतील तर प्रतिकारक पतंग आपसांतच जुळतात. अमेरिकेने आधी बिगरबीटी आश्रय पिकाची सक्ती केली, पुढे वांझ पतंग सोडण्याची मोहीम आणि बीटी कपाशी यांची सांगड घालून आपल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी हद्दपार केली आणि २०१८ मध्ये तसे जाहीर केले. त्याच अळीने आपल्याकडे आधी गुजरातेत क्राय१एसीला आणि नंतर बोलगार्ड-२ लाही मात दिली.

आपली आणखी एक अडचण वाणांच्या घडणीत आहे. इतर देशांत मुख्यतः सरळ वाणांत जनुक आहे, आपल्याकडे संकरित वाणांत आहे. संकरित झाडात जनुकाची एकच प्रत असल्यामुळे बोंडातल्या सरकीत ती वाटली जाते, काही दाण्यांत दोन्ही प्रथिने, काहींत एकच, काहींत एकही नसते. अळी बोंडात दाण्यावरून दाण्यावर जाते आणि तिला कमी मात्रेचे विष चाखत चाखत सरावण्याची संधी मिळते. त्यात वाण लांब मुदतीचे, मे महिन्यात ठिबकवर लावलेली बागायती कपाशी आणि जानेवारीनंतरही पाणी देऊन घेतलेली फरदड, यामुळे अळीला जवळपास वर्षभर ताट वाढलेले राहते.

आता प्रत्यक्ष काम. लागवडीनंतर सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी पाच कामगंध सापळे, पिकाच्या उंचीपेक्षा थोडे वर, लावावेत आणि त्यांतील ल्युर, म्हणजे गंधाची वडी, मुदतीप्रमाणे बदलावी. सापळ्यात सलग तीन रात्री दर सापळ्यामागे आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात. फुलांच्या काळात डोमकळ्या शोधाव्यात. निरोगी फूल पाकळ्या मोकळ्या करून उमलते, डोमकळी मात्र गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहते, कारण आत अळीने रेशमी धाग्याने पाकळ्या विणून टाकलेल्या असतात. ती हाताने तोडून चिरडावी, शेतात टाकू नये.

बोंडांची तपासणी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी आहे. बोंड बाहेरून हिरवे आणि ठणठणीत दिसते, कारण अळी लहान असताना आत शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. एकरातून २० वेगवेगळ्या झाडांवरची, साधारण पक्वतेच्या मध्यावर असलेली २० हिरवी बोंडे तोडून धारदार चाकूने कापावीत. आत पांढरट किंवा गुलाबी अळी, कुरतडलेली सरकी, किंवा कप्प्याच्या आतल्या भिंतीवर बारीक फोड दिसला तर ते बोंड किडलेले धरावे. २० पैकी २ बोंडे किडलेली निघाली म्हणजे १० टक्के झाले आणि उपाय करण्याची वेळ आली. सुरुवातीला निंबोळी अर्क आणि ट्रायकोकार्ड (किडीची अंडी नष्ट करणाऱ्या मित्रकीटकाचे कार्ड) यांवर भर द्यावा. रासायनिक फवारणी करायचीच असेल तर एका वेळी एकच कीटकनाशक, कृषी विभागाने त्या किडीसाठी शिफारस केलेले, आणि हातमोजे, तोंडावर आवरण व वाऱ्याची दिशा पाहूनच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत माणसे दगावली. त्यामुळे दोन-तीन औषधे एकत्र मिसळून ‘जोरदार’ फवारा मारण्याचा सल्ला देणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नये.

बियाणे खरेच बीटी आहे की नाही याची शंका असेल तर पट्टी चाचणी करता येते. पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत घालून दिलेल्या द्रवात कुस्करायचा आणि त्यात पट्टी बुडवायची. काही मिनिटांत वरची नियंत्रण रेषा आली आणि खाली प्रथिनाची रेषाही आली तर ते प्रथिन त्या पानात आहे. नियंत्रण रेषाच आली नाही तर चाचणी बाद धरून नवी पट्टी घ्यावी. अशा पट्ट्यांची माहिती नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून मिळू शकते. मात्र आताच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटात थोडे बिगरबीटी बियाणे मुद्दाम मिसळलेले असते, हे विसरू नये. एका झाडाच्या पानात रेषा आली नाही म्हणून बियाणे बोगस ठरत नाही, निदान २० झाडे तपासावी लागतात.

पायरी ७ : काढणीनंतरचे महिने

बहुतेकांचे लक्ष शेवटच्या वेचणीला संपते आणि किडीचा पुढचा हंगाम तेथूनच सुरू होतो. गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत सरकीत राहते, दोन दाणे एकमेकांना चिकटवून त्यांच्या मध्ये. कवडीयुक्त, म्हणजे किडका, कापूस घरात साठवला, पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग सरपणासाठी गोठ्यामागे रचले, किंवा जिनिंगच्या आवारात सरकी उघड्यावर पडून राहिली, की उन्हाळ्यात पतंग तेथूनच निघतात. जिनिंग मिलच्या भोवतीही कामगंध सापळे लावणे म्हणूनच गरजेचे आहे. ग्रामपंचायतीने ठराव करून मिलला पत्र दिले तर ते सहसा टाळले जात नाही. डिसेंबर-जानेवारीत पीक संपवावे, फरदड घेऊ नये, पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून जमिनीत किंवा खतात घालावी. सरपणाची गरज असलेल्या घराला हा सल्ला खर्चिक वाटतो हे मान्य आहे. अशा घराने निदान पऱ्हाटीवर लटकलेली किडकी बोंडे काढून जाळून मगच मोळ्या बांधाव्यात.

चाचणीच्या शेतासाठी याहून कडक नियम असतात. परवान्याप्रमाणे उरलेले बियाणे आणि अवशेष जाळून किंवा पुरून नष्ट करावे लागतात, त्याचा पंचनामा होतो, आणि पुढील हंगामात त्या जमिनीत आपोआप उगवणारी रोपे फुलोऱ्यावर येण्यापूर्वी उपटावी लागतात. पहिल्या पावसानंतर पंधरवड्याने त्या शेतात जाऊन अशी रोपे मोजावीत आणि तारखेसह छायाचित्र काढावे.

पायरी ८ : नोंदीला कायद्याच्या रस्त्यावर आणणे

बीटी बियाणे निकृष्ट निघाले तर पाकीट, बिल, खूणचिठ्ठी आणि पाकिटातील थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे, आणि तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे पीक उभे असतानाच अर्ज करावा. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याचा स्वतंत्र कायदा केला आहे, आणि २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने अपेक्षित उत्पादन न मिळाल्यास भरपाई मागण्याचा मार्गही दिला आहे. एचटीबीटी लावणाऱ्याला हे दोन्ही दरवाजे बंद असतात, कारण त्याच्याकडे दाखवायला कागदच नसतो.

चाचणीत अट मोडल्याचे दिसले, उदाहरणार्थ कुंपण नसणे, गुरे शिरणे, मोकळे अंतर कमी असणे किंवा उगवलेली रोपे फुलावर येणे, तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे जिल्हास्तरीय समितीसाठी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे आणि एक प्रत जीईएसीच्या सचिवालयाकडे द्यावी. तक्रारीत मत कमी आणि नोंद जास्त असावी : गट क्रमांक, तारीख, वेळ, परवान्यातील अट कोणती, प्रत्यक्ष मोजलेले अंतर किती, साक्षीदार कोण. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नये, आणि टपालाने पाठवल्यास नोंदणी पावती त्याच वहीत चिकटवावी. विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील प्राध्यापकाला सुरुवातीपासून सोबत घेतले, मग ते जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील असोत वा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील, तर मोजणीच्या पद्धतीवर नंतर आक्षेप घेणे अवघड जाते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठीही हा विषय उत्तम आहे. त्यांनी मोजणीचा तक्ता मराठीत तयार करून शेतकऱ्याकडेही एक प्रत ठेवावी, म्हणजे विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावर पुढच्या वर्षीची मोजणी त्याच जागी, त्याच पद्धतीने करता येईल.